मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को: सव्वानऊला सुटते, सव्वानऊलाच पोचते!

पायथ्याशी
मंडळी, घरातला एक तंटा सोडवायला मदत हवी आहे.

आईबाबा एप्रिलमध्ये ताईकडे अमेरिकेत फ्रीमाँटला निघालेत. पहिलीच परदेशवारी. पुण्याहून मुंबई, मग सिंगापूर, तिथून सॅन फ्रान्सिस्को. तिकीट आलं, मी छापून बाबांच्या हातात दिलं आणि तिथेच फसलो. बाबा ३४ वर्षं एसटीत, निवृत्त झाले ते वाहतूक नियंत्रक म्हणून. लग्नाला जायचं असो की मयताला, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: किलोमीटर किती, तास किती?

तिकीट असं आहे:

मुंबई सुटणार: मंगळवार रात्री ९.५०
सिंगापूर पोचणार: बुधवार पहाटे ५.५०
सिंगापूर सुटणार: बुधवार सकाळी ९.१५
सॅन फ्रान्सिस्को पोचणार: बुधवार सकाळी ९.१५

बाबांनी पॅडवर मांडणी केली. मुंबई-सिंगापूर ३,९०० किमी, आठ तास, म्हणजे ताशी ४८७. 'विमान असून इतकं रखडत?' पुढे सिंगापूर-सॅन फ्रान्सिस्को १३,६०० किमी, वेळ शून्य. भागाकार होईना. तेव्हापासून त्यांचं म्हणणं आहे की ही छपाईची चूक आहे, एजंटाला फोन लाव. मी 'टाइम झोन' म्हटलं तर म्हणाले, 'मला इंग्रजी शब्द नको, हिशेब दाखव.'

त्यात गूगलवर मुंबई-सॅन फ्रान्सिस्को अंतर साडेतेरा हजार दिसतं आणि आमच्या तिकिटाची बेरीज साडेसतरा हजार होते. मग 'चार हजार किलोमीटर वळसा कशापायी' हा दुसरा तंटा. कुणीतरी नीट समजावा हो.

उंटावरचा
ताशी अनंत किलोमीटर! काकांना म्हणावं पट्टा घट्ट बांधा.

रातराणी
आमच्या सासऱ्यांनी याच्या उलट केलं होतं. निघायची आणि पोचायची वेळ बघून 'अडीच तासांचा तर प्रवास आहे' म्हणून डबाच घेतला नव्हता.

फ्रीमाँटकर
पायथ्याशी, चूक वगैरे काही नाही. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. बाबांना सगळं भारतीय वेळेत करून द्या, लगेच पटेल.

सिंगापूर आपल्यापुढे अडीच तास. तिथले पहाटेचे ५.५० म्हणजे आपले ३.२०. म्हणजे पहिला टप्पा ९.५० ते ३.२०, साडेपाच तास. ताशी ७०० च्या वर गेला बघा.
सिंगापूरचे सकाळचे ९.१५ म्हणजे आपले ६.४५, बुधवार.
सॅन फ्रान्सिस्को एप्रिलमध्ये आपल्यामागे साडेबारा तास. तिथले बुधवार सकाळचे ९.१५ म्हणजे आपले बुधवार रात्रीचे ९.४५.
सकाळी ६.४५ ते रात्री ९.४५, पंधरा तास.

सिंगापूर आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या घड्याळांतही नेमका पंधरा तासांचा फरक आहे आणि विमानालाही पंधराच तास लागतात, म्हणून ही गंमत दिसते. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे करतात. हिवाळ्यात आपल्याशी फरक साडेतेरा तासांचा होतो, तेव्हा हेच विमान तिकिटावर सव्वानऊला सुटून सव्वाआठला पोचताना दिसेल. बाबांना तेव्हा पाठवू नका, उणे वेग निघेल.

एकूण प्रवास मंगळवार रात्री ९.५० ते बुधवार रात्री ९.४५, म्हणजे पाच मिनिटं कमी चोवीस तास. त्यातले हवेतले साडेवीस.

पायथ्याशी
फ्रीमाँटकर, तुमचा प्रतिसाद मोठ्या अक्षरांत छापून दिला. पाऊण तास पेन्सिल घेऊन बसले. मग म्हणाले, 'हा माणूस खात्यातला दिसतो.' त्यांच्याकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही. एक डिजिटल घड्याळ भारतीय वेळेवर ठेवून न्यायचं ठरलंय.

चार हजारांचा वळसा अजून बाकी आहे.

खडूफळा
भूगोल शिकवण्यात हयात गेली, तेव्हा हे उत्तर माझ्याकडे. घरात पृथ्वीगोल आहे का? नसेल तर शेजारच्या पोराकडून आणा. भिंतीवरचा नकाशा कृपया बंद करा, सगळा घोळ तोच करतो.

आत्ताच माझ्या जुन्या गोलावर करून बघितलं. शाळेतला नेहमीचा, ३० सेंटीमीटर व्यासाचा. विषुववृत्तावरचा सांधा थोडा उकललाय आणि ग्रीनलंडवर शाईचा डाग आहे, पण काम देतो. गोलाचा घेर साधारण ९४ सेंमी आणि पृथ्वीचा ४०,००० किमी, म्हणजे एका सेंटीमीटरला सुमारे ४२५ किमी. गोधडी शिवायचा जाड दोरा घेतला. एक टोक मुंबईवर बोटाने दाबलं, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि ताणला. आधी दोरा पॅसिफिकवरून आडवा ठेवला होता, नकाशात सरळ दिसतो तसा. ताण दिला तसा तो आपोआप घसरत वर वर गेला आणि उत्तरेला जाऊन बसला. मोजला तर साडेएकतीस सेंटीमीटर. गुणाकार करा, १३,४०० च्या आसपास येतात. गूगलचे साडेतेरा हजार ते हेच. आडवा धरला होता तेव्हा अडतीस भरला होता, म्हणजे सोळा हजारांच्या वर.

आता दोरा जातो कुठून ते बघा. मुंबईहून राजस्थान, काश्मीर, चीनचा शिनजियांग, सैबेरिया, रशियाच्या डोक्यावरचा आर्क्टिक समुद्र, तिथून अलास्का आणि कॅनडाच्या पश्चिमेने खाली सॅन फ्रान्सिस्को. वर ७६-७७ अक्षांशांपर्यंत चढतो. मुंबई ७३ पूर्व रेखांशावर आणि सॅन फ्रान्सिस्को १२२ पश्चिम. पूर्वेकडून मोजलं तर १६५ अंश, पश्चिमेकडून १९५. जवळजवळ पृथ्वीच्या पाठीमागचं गाव ते. पाठीमागे जायला डोक्यावरून जाणंच जवळचं पडतं.

विद्यार्थी विचारायचे, सर, विमान अमेरिकेला जायचं तर उत्तरेला का तोंड करतं? मी म्हणायचो, दोऱ्याला विचार.

उंटावरचा
धाग्यात दोरा. वा सर.

एक बाळबोध शंका. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग विमान मुंबईच्या वर नुसतं थांबून राहिलं तर बारा तासांत अमेरिका आपोआप खाली यायला नको का? डिझेल वाचेल.

खडूफळा
दर वर्षी नववीत एक जण हे विचारायचाच, तुम्ही मागच्या बाकावर होतात का? धावत्या एसटीत उभं राहून उडी मारा, त्याच जागी पडाल, मागच्या सीटवरच्या बाईंच्या मांडीवर नाही. हवा पृथ्वीबरोबरच फिरते, आणि विमान त्या हवेत असतं.

गुळपोळी
वाचनखूण साठवली आहे. आमच्या लेकीच्या शाळेच्या प्रकल्पाला दोरा कामी येईल.

धावपट्टी
खडूफळा सरांचा दोरा बरोबरच आहे, पण विमानं दोऱ्यावर उडत नाहीत. मी काही वर्षं एका विमान कंपनीत डिस्पॅचला होतो. रोजच्या विमानाचा मार्ग आखणं, इंधन काढणं ही आमची कामं. अंतर हा आमचा शेवटचा प्रश्न असायचा. पहिला प्रश्न वाऱ्याचा.

साधारण ९ ते १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे हवेची नदी वाहते, तिला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात जोर जास्त. विमान स्वतःच्या ताशी ९०० ने चाललेलं असतं, पण ज्या हवेत ते आहे ती हवाच पुढे सरकत असेल तर जमिनीवरून मोजलेला वेग हजार-अकराशे होतो. उलट दिशेने तेवढाच फटका. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्याच्या पाठबळावर न्यूयॉर्कहून एक प्रवासी विमान ४ तास ५६ मिनिटांत लंडनला उतरलं होतं. एरवी साडेसहा तास धरतात.

सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्याच देशातलं. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किमी. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पॅसिफिकवरून नेलं. अंतर झालं १५,३०० किमी, आणि वेळ साडेचौदा तास, म्हणजे आधीपेक्षा दोन तास कमी! चौदाशे किलोमीटर जास्त उडून दोन तास लवकर. सबंध वाट वारा पाठीवर.

तेव्हा पायथ्याशी, बाबांना सांगा, वळशाचे किलोमीटर बघू नका. आणि एक गोष्ट करून बघा: परतीच्या तिकिटावर सॅन फ्रान्सिस्को-सिंगापूर किती तास दाखवलंय?

पायथ्याशी
सतरा! मला वाटलं इथे तरी चूक असेल. अंतर तेच ना?

धावपट्टी
अंतर तेच. १३,६०० भागिले १५ म्हणजे ९०७, भागिले १७ म्हणजे ८००. मधला आकडा घ्या, वारा सरासरी ताशी पन्नासेक किमी. जाताना ढकलतो, येताना अडवतो. वैमानिक येताना वाऱ्याचा पट्टा टाळून जातो, तरी एवढं लागतंच.

आणि तिकिटावरच्या वेळा फाटकापासून फाटकापर्यंतच्या असतात. धावपट्टीपर्यंत रांगेत सरकण्याची पंधरा-वीस मिनिटं, उतरल्यावर जागा मिळेपर्यंतचा वेळ, सगळं त्यात धरलेलं. नियंत्रक साहेबांना कळेल: फलाट सोडल्यापासून फलाट लागेपर्यंत.

पायथ्याशी
कळलं. 'म्हणजे यांच्याही वेळापत्रकात ढील असते' म्हणाले. चेहऱ्यावर समाधान होतं.

रातराणी
पण सरळ दोऱ्यावरची वाट रशियावरून जाते ना? ती बंद आहे असं वाचलं होतं.

धावपट्टी
सगळ्यांना नाही. युक्रेन युद्धानंतर २०२२ पासून अमेरिका, कॅनडा, युरोपच्या कंपन्यांना रशियाचं आकाश बंद. त्यापायी एका अमेरिकन कंपनीने मार्च २०२२ मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को आणि मुंबई-न्यूअर्क (न्यूयॉर्कजवळचं) या सेवा थांबवल्या होत्या. भारतीय कंपन्यांना बंदी नव्हती. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या पार पूर्वेला मगदान इथे उतरवावं लागलं, आठवतंय? दोनशेच्या वर प्रवासी तिथे अडकले, आणि दुसरं विमान पाठवून त्यांना पुढे नेलं. बातमी वाचून अनेकांनी विचारलं होतं, अमेरिकेचं विमान सैबेरियात काय करतंय? सरांनी ताणलेल्या दोऱ्याच्या आसपासच होतं ते.

मग एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केलं. फटका जास्त दिल्लीच्या विमानांना बसला. मुंबईहून पश्चिमेला जाणारी अरबी समुद्रावरून ओमानकडे निघतात, त्यांचं तितकं अडलं नाही. पण सॅन फ्रान्सिस्को-मुंबई विमानाला मध्ये कोलकात्याला उतरावं लागलं. तेव्हा 'थेट' शब्दाचा अर्थ त्या महिन्यात विचारून घ्यावा.

फ्रीमाँटकर
या आठ-दहा वर्षांत मी चार वाटांनी आलो-गेलो आहे. दुबईमार्गे बेरीज १५,००० किमी, हाँगकाँगमार्गे १५,४०० च्या जवळ, फ्रँकफर्टमार्गे १५,७००, सिंगापूरमार्गे साडेसतरा. पूर्वेकडून जा की पश्चिमेकडून, हवेतले तास १८ ते २३ च्या मधेच पडतात. खरा फरक मधल्या थांब्याचा. दीड तासाचा थांबा म्हणजे धावपळ, नऊ तासांचा म्हणजे हाल. आईवडिलांना तीन-चार तास उत्तम. पायथ्याशी, तुमचा सव्वातीन-साडेतीनचा थांबा आहे, बदलू नका.

एकदा तर इकडे अमेरिकेला पूर्वेकडून आलो आणि भारतात परत जाताना युरोपमार्गे गेलो. दोन्हीकडे वारा पाठीशी आणि फुकटात पृथ्वीप्रदक्षिणा. आजी म्हणाली, गणपतीने आईबापाभोवती फिरून काम भागवलं होतं, तू कशाला एवढा खर्च केलास!

गुळपोळी
अवांतर, पण महत्त्वाचं. पायथ्याशी, परतीचं विमान कधी सुटतंय? तारखेचा घोळ होतो.

पायथ्याशी
बरं झालं विचारलंत. सप्टेंबरच्या शेवटी. शुक्रवारी रात्री १० ला सुटून सिंगापूरला रविवारी पहाटे ६ ला. आईचा मारुतीचा शनिवार असतो, वीस वर्षांत मोडलेला नाही. ती विचारतेय, शनिवार गेला कुठे आणि उपास कधी करू?

गुळपोळी
हेच! माझ्या नणंदेचं असंच झालं होतं. जानेवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को-बंगळूर पहिलं थेट विमान आलं ना, कॅप्टन झोया अगरवाल आणि सगळ्या महिला वैमानिकांचं, उत्तर ध्रुवावरून? ते ९ तारखेच्या रात्री निघून ११ च्या पहाटे उतरलं. १० तारीख त्या विमानातल्यांनी पाहिलीच नाही.

उंटावरचा
उपास हवेत केला तर पुण्य जास्त, देव जवळ असतात.

खडूफळा
थट्टा बाजूला ठेवा, प्रश्न चांगला आहे. आपल्याकडे वार मध्यरात्री बदलत नाही, सूर्योदयाला बदलतो. आता बघा. रात्री १० ला सुटलेलं विमान पश्चिमेला जातंय, म्हणजे रात्रीच्या बरोबरीने पळतंय. सतरा तास उडूनही स्थानिक घड्याळात फक्त आठ तास जातात. सिंगापुरात ६ ला उतरतील तेव्हा तिथे अजून उजाडलेलं नसेल, तिथे सात वाजता उजाडतं. म्हणजे वहिनींना सतरा तासांची एकच रात्र मिळणार, आणि शनिवारचा सूर्य त्यांच्यापुढे उगवणारच नाही. सूर्योदय नाही तर वार नाही.

जाताना उलट. सकाळी सव्वानऊला निघाल्यावर सातेक तासांतच संध्याकाळ होईल, सहा-साडेसहा तासांची रात्र, की पुन्हा सकाळ.

पायथ्याशी
सर, आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'सूर्य नसला तरी मारुती असतो. मी फळं घेईन.'

औषधी
आईबाबांपैकी कुणी रोजची गोळी घेत असेल तर एक बघा. सिंगापुरात सकाळी ८ ला घेतली आणि उतरल्यावर परत 'सकाळ झाली' म्हणून घेतली तर मध्ये सोळा-सतरा तासच जातात. चोवीस तास मोजले तर पुढची वेळ तिथल्या संध्याकाळी ५ ला येते. बाबांचं भारतीय वेळेचं घड्याळ इथे उपयोगी. रक्तदाब, मधुमेहाचं वेळापत्रक त्यांच्या डॉक्टरांकडून लिहूनच घ्या, इथल्या कुणाच्या प्रतिसादावर जाऊ नका, माझ्याही. औषधं हातातल्या पिशवीत. आणि पंधरा तास बसून राहू नका, दर दोनेक तासांनी विमानात एक फेरी मारायला सांगा.

रातराणी
आणि पुणे-मुंबई विसरू नका! दीडशे किलोमीटरला कधी साडेतीन तास, कधी पाच. घाटात ट्रक बंद पडला की सॅन फ्रान्सिस्को जवळ वाटतं. विमानाच्या तीन तास आधी पोचायचं म्हणजे दुपारी दीडला घर सोडा.

पायथ्याशी
बाबांनी साडेबारा लिहिलेत. घाटाचा त्यांना आमच्यापेक्षा जास्त अनुभव.

पायथ्याशी
धागा वर काढतोय. पोचले, सुखरूप!

ताईने बाबांच्या वहीच्या पानाचा फोटो पाठवलाय. समोरच्या पडद्यावर नकाशा, उंची, वेग, बाहेरचं तापमान दिसतं हे कळल्यावर त्यांनी सिनेमा लावलाच नाही. आई झोपली, हे दर तासाला नोंद करत बसले. जुन्या लॉगशीटसारख्या रेघा मारलेल्या. जसंच्या तसं उतरवतो (भा.वे. म्हणजे भारतीय वेळ):

'भा.वे. ११.४५. उंची १०,६६८ मी. वेग ९८४. बाहेर उणे ५४. जपान डावीकडे. दुपारचं जेवण नुकतंच झालं आहे.'
'भा.वे. १२.४५. वेग १,०६२. वारा पाठीवर. धावपट्टी यांचं बरोबर.'
'भा.वे. १६.००. वार बुधवार लिहिला होता, पडद्यावर मंगळवार. खोडून मंगळवार केला.'
'भा.वे. १७.००. परत बुधवार. खोडलेलं राहू दिलं.'

शेवटची ओळ:

'सिंगापूर सुटली ९.२२. सॅ. फ्रा. लागली ९.०५. दहा मिनिटं लवकर. लागलेला वेळ: घड्याळाप्रमाणे उणे १७ मि., प्रत्यक्ष १४ ता. ४३ मि. सरासरी ९२४.'

खाली सही. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, सही अजून हुद्द्यासकट करतात.

धावपट्टी
९२४ ची सरासरी! आमच्या वेळचे डिस्पॅचर इतक्या नेटकेपणाने लिहीत नव्हते. पानाचा फोटो व्यनि (खासगी निरोप) करता का?

खडूफळा
पॅसिफिकमधली वार बदलायची रेषा ओलांडली की मंगळवार, आणि मध्यरात्र उलटली की परत बुधवार. 'खोडलेलं राहू दिलं.' त्यांना माझा नमस्कार सांगा.

चिवडा_ताजा
धागा आजच पाहिला. सॅन फ्रान्सिस्कोला कैरीचं लोणचं नेता येतं का?

संपादक मंडळ
त्यासाठी वेगळा धागा आहे, कृपया तिथे विचारावे.